कोणाला काय दिसतं, ते आधी पाहा

समुपदेशनाच्या नोंदी ठेवायच्या म्हटलं की संस्थाचालक आधी फी-हजेरीच्या सॉफ्टवेअरकडेच बोट दाखवतात. त्यातच 'काउन्सेलिंग'चा भाग जोडून मिळतो, वेगळा खर्च नाही, मुलांची नावं पुन्हा भरायला नकोत. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक होते तिथेही हेच झालं. अकरावीतली एक मुलगी वडिलांच्या दारूबद्दल माझ्याशी बोलली होती. वर्गशिक्षिकेने हजेरीसाठी तिचं पान उघडलं, तर बाजूच्या रकान्यात माझ्या टिपणाच्या पहिल्या दोन ओळी. बाईंनी काळजीपोटीच विचारलं, "घरी आता ठीक आहे ना गं?" पण विचारलं ते भर वर्गात. ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही.

म्हणून सांगते, डेमोला भुलू नका. विक्रेता डेमो देतो तो ॲडमिनच्या लॉगिनने, आणि तिथे सगळंच दिसतं. त्याला वर्गशिक्षक, लिपिक, मुख्याध्यापक अशी वेगवेगळी खाती काढायला लावा. एक काल्पनिक विद्यार्थी भरा, टिपण लिहा आणि मग एकेका खात्यातून ते शोधा. टिपणाचं पान उघडत नाही एवढ्यावर थांबू नका. टिपणातला एखादा शब्द शोधपट्टीत टाका, यादी एक्सेलमध्ये उतरवा, पालकांच्या ॲपवर भेटीची सूचना जाते का तेही बघा. ॲडमिनचा पासवर्ड बऱ्याचदा संगणक शिक्षकांकडे किंवा थेट कंपनीकडे असतो. त्या खात्यातून कोणती नोंद कधी उघडली गेली, याचा न पुसता येणारा हिशेब राहतो का, हे लेखी विचारा.

लहान शाळेत, जिथे समुपदेशक एकच आणि संगणकही एकच, तिथे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची साधी फाइल पुरते. मात्र पासवर्ड फाइल उघडण्यालाच हवा. त्याऐवजी एक्सेल वापरत असाल, तर त्यातलं 'प्रोटेक्ट शीट' फक्त बदल अडवतं, वाचणाऱ्याला अडवत नाही. उघडण्याचा पासवर्ड हरवला तर फाइलही गेली समजा. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवा.

जुन्या नोंदी शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातली एक फाइल खरेदीआधीच नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून बघा. युनिकोडमध्ये न बदलता भरल्यास मराठी मजकुराची नुसती चिन्हं होतात आणि शोध चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, शिवाय नावं उघड न करता नोंदी आणि वार्षिक अहवाल ठेवायलाही. त्यामुळे नाव एका तक्त्यात, टिपण दुसऱ्यात आणि दोन्हींना जोडणारा फक्त एक क्रमांक, अशी रचना मागा. प्राचार्यांना आकडे हवेत, ते टिपण न उघडता मिळाले पाहिजेत.

मुलांनाही पहिल्याच भेटीत सांगा की गुप्ततेला मर्यादा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. कोणाला, कधी कळवलं यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना असावा, म्हणजे ते दाखवताना बाकीचं टिपण उघडं पडत नाही.

किमतीची घासाघीस नंतर करा. त्याआधी करारात दोन गोष्टी लिहून घ्या: सेवा थांबवली की सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये आपल्या हातात येतील, आणि कंपनीकडची प्रत, बॅकअपसकट, ठरलेल्या मुदतीत पुसली जाईल.