नवी मुंबईचा नायक काढताना

काय करावे

• आधी हालचाल पकडा. २एच पेन्सिलने पाठीच्या कण्याची एकच वळती रेघ ओढा, मग छाती, कंबर, हातपाय. चेहरा आणि पोशाख सगळ्यात शेवटी.

• साधा माणूस साडेसात डोकी उंच धरतात. नायकाला आठ द्या.

• प्रताप मुळीक बारकाईने बघा. पुण्याच्या या चित्रकाराने ‘अमर चित्र कथा’तले वीर काढले आणि १९८६ मध्ये कॉमिक्सचा नायक ‘नागराज’ही. शेला असो वा घट्ट पोशाख, शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते शोधा. राम वाईरकरही सोडू नका. ‘अमर चित्र कथा’तला ‘कृष्ण’ त्यांचा आणि ‘टिंकल’ मासिकातला सुप्पंडीही त्यांचाच. एकाच हाताची रेघ पात्रागणिक किती बदलते, हे त्यांच्याइतकं छान कोणी शिकवत नाही.

• नायकाला इथली जमीन द्या. पारसिकचा डोंगर, वाशीचा खाडीपूल, सीवूड्सची तिवरं, भरतीच्या वेळी उडणारे रोहित पक्षी. तिथे जाऊन वहीत टिपा. तो आगरी-कोळी गावातला असेल, तर त्याचं अंग वल्हं आणि जाळं ओढून घडलेलं असणार: खांदे आणि हात भरीव, पोट सपाट, पाय चिखलात रोवलेले.

• निदान ३०० डीपीआयवर स्कॅन करा. रेघांचा लेअर सगळ्यात वर, ‘मल्टिप्लाय’वर ठेवा. त्याखाली सावल्यांचा, तळाला सपाट रंगांचा. ‘क्रिता’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

काय टाळावे

• पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका. दमट कागदावर खोडरबर घासला की तंतू सुटतात आणि स्कॅनमध्ये डाग दिसतात.

• पेन्सिलीची खरखर साफ करण्याच्या नादात घालवू नका. चित्राचा जीव तिच्यात आहे.

• सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळू नका, रंग मळतो. निळसर किंवा जांभळट छटा घ्या. उजेड कुठून येतो ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

• प्रत्येक स्नायूवर चकाकी नको. नायक प्लॅस्टिकचा दिसतो.

• न्यूयॉर्कच्या इमारती आणि केप उसन्या आणू नका.

• पडद्यावरच्या झगझगीत हिरव्या-गुलाबीवर विसंबू नका. सीएमवायके छपाईत ते फिके पडतात. रोहितांचा गुलाबी तर आधी छापूनच तपासा.

• सगळे लेअर एकत्र करून मूळ फाइल सेव्ह करू नका. जेपीईजी वेगळी काढा.