डिरेक्टरीचा बॅकअप गिटमध्ये : फायलीला नाव काय द्यावं?

एलडॅप डिरेक्टरी म्हणजे संस्थेतल्या माणसांची, त्यांच्या लॉगिनची आणि गटांची नोंदवही. ओपनएलडॅपमध्ये 'स्लॅपकॅट' ही आज्ञा दिली की ती एलडिफ नावाच्या साध्या मजकुरात उतरते. हा मजकूर रोज गिटमध्ये ठेवला, तर काल आणि आज यांत काय बदललं ते कळतं. मात्र सगळं एकाच फायलीत असेल तर एका माणसाचा इतिहास शोधता शोधता दमछाक होते. म्हणून एक नोंद, एक फाईल.

तिला नाव काय द्यायचं? आधी सुचतो तो नोंदीचा पत्ता : जिल्हा, तालुका, गाव, शेवटी माणूस. आता आपलं पाचोडच घ्या. तालुका पैठण, जिल्हा औरंगाबाद. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. समजा, फायली जिल्ह्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असत्या, तर एका रात्रीत सगळ्या जुन्या जागेवरून गायब आणि नव्या जागी हजर! माणसं मात्र तीच. गिट नामांतराची वेगळी नोंद ठेवत नाही. मजकूर किती जुळतो यावरून अंदाज बांधतं. चार ओळींच्या नोंदीत दोन ओळी बदलल्या की तो अंदाज फसू शकतो.

शाळेत यावर उपाय कधीचाच आहे. विद्यार्थ्याचं आडनाव बदलो, गाव बदलो, जनरल रजिस्टरचा नंबर तोच राहतो. दाखला काढायला गेलं की कारकून आधी तोच विचारतात. एलडॅपमध्ये असा कायमचा नंबर सर्व्हर स्वतःच देतो : एंट्री-यूयूआयडी. फायलीला तेच नाव द्या, पत्ता आत राहू द्या.

मग फाईल शोधायची कशी? आतल्या मजकुरावरून. इथे आपल्या मराठीची एक अडचण आहे. एलडिफमध्ये देवनागरी अक्षरं बेस-६४ मध्ये लिहिली जातात, त्यामुळे 'पाचोड' शोधलं तर काहीच सापडत नाही. फरक दाखवण्याआधी तो मजकूर उलगडणारी छोटी स्क्रिप्ट गिटला जोडता येते. ती जोडाच, नाहीतर कोणाचं नाव बदललं हेच वाचता येणार नाही. लांब ओळी तोडण्याची सवयही स्लॅपकॅटला बंद करायला सांगा.

डेटा परत भरताना मात्र फायलींच्या नावांच्या क्रमाने जाऊ नका. आधी जिल्ह्याची नोंद, मग तालुक्याची, मग गावाची. वरची नोंद नसेल तर सर्व्हर खालची घेत नाही. आणि पासवर्डचे हॅश गिटमध्ये जाण्याआधीच गाळा. ते असलेला पूर्ण बॅकअप वेगळा, कुलूपबंद ठेवा. एकदा गिटमध्ये गेलेला हॅश फाईल पुसली तरी इतिहासात राहतोच.