बँडपथकाची सहल

शाळेचे बँडपथक म्हणजे ढोल, ताशे, झांजा, बिगुल आणि पुढे लेझीम खेळणारी पोरे. वर्षभर तेच ताल वाजवून पोरे कंटाळतात. म्हणून गुरुजी म्हणतात, यंदा पथकाला सहलीला नेऊ. पालकांची सभा भरते. पहिला प्रश्न निघतो, "कुठं जायचं?" कोणी कोकण सांगतो, कोणी महाबळेश्वर.

पण बँडपथकाच्या सहलीत आधी दुसरेच विचारावे. पोरांना तिथे काय ऐकायला मिळेल? आणि पोरांचे वाजवणे कोण ऐकेल?

आपण कुरुळीपुरते पाहू. आळंदी आपल्या शेजारी. जोग महाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन आणि पखवाज शिकणारी मुले आजही आळंदीत राहतात. त्यांच्या गुरूंना आधी पत्र लिहावे. अर्धा तास पखवाज ऐकू द्या, अशी विनंती करावी. पखवाजाच्या एका तोंडाला शाई असते. दुसऱ्या तोंडाला ओली कणीक थापतात. कणकेमुळे आवाज जड होतो, घुमतो. ढोल बडवणाऱ्या पोराने हे एकदा जवळून पाहावे. कार्तिकी एकादशीच्या गर्दीत मात्र जाऊ नये.

तेथून दिघीवरून पुणे. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या, आणि १९७५ साली सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्यात जुनी वाद्ये पुष्कळ आहेत. तिकीट किती, मुलांना सवलत किती, हे आधी विचारून घ्यावे. पेठेत गाडी आत नेणे अवघड. थोडे चालावे लागेल.

दुपारी पुण्यातल्या एखाद्या शाळेत आपल्या पथकाने वीस मिनिटे वाजवावे. मग त्या शाळेच्या पोरांचे ऐकावे. हेही पत्राने आधी ठरवावे. माझ्या मते सहलीचे खरे मोल इथे आहे. परक्या पोरांसमोर वाजवायचे म्हटले की महिनाभर सराव नेटाने होतो!

आता पैसा. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देत आली आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र घेऊन राजगुरुनगरच्या आगारात लवकर जावे. ढोल कुठे ठेवायचे, तेही तेव्हाच विचारावे. ढोल फळीवर मावत नाही.

हिशेब शिकण्यापुरते आकडे घेऊ. समजा, गाडीभाडे ६,००० रुपये. दर मुलामागे तिकीट २० रुपये, खाऊ ३० रुपये. मुले ४०. तर तिकिटे ८००, खाऊ १,२००. एकूण ८,००० रुपये. दर मुलाला २०० रुपये पडले. जेवण घरचे, भाकरी आणि चटणी.

सभेत दोनशे रुपये ऐकून एखादा बाप गप्प बसतो. तो भाड्याच्या खोलीत राहतो, कारखान्यात ठेक्यावर कामाला जातो. त्याची पोरगी ताशा छान वाजवते. दुसऱ्या दिवशी ती म्हणते, "गुरुजी, माझं पोट दुखतंय. मी येत नाही." तिचे पोट दुखत नसते, हे गुरुजींना कळते.

अशी दहा मुले गळाली तर? गाडीभाडे तेच राहते, ६,०००. तिकिटे ६००, खाऊ ९००. एकूण ७,५००. तीस मुलांत वाटले तर दर मुलाला २५० रुपये! गरिबाचे पोर मागे राहिले, आणि बाकीच्यांनाही पन्नास रुपये जादा पडले. शिवाय ताशा नसला, तर ढोलांना वाट कोण दाखवणार?

म्हणून जूनमध्येच वर्गणी सुरू करावी. महिन्याला ४० रुपये. पाच महिन्यांत २०० होतात. जत्रेत पथकाला बक्षीस मिळते, तेही याच पेटीत टाकावे. ज्यांना चाळीसही झेपत नाहीत, त्यांचे पेटीतून भरावे. कोणाचे भरले, हे सभेत बोलू नये. लग्नाच्या वरातीत पोरांना वाजवायला पाठवून मात्र पैसा जमवू नये. रात्रीची जागरणे होतात, शाळा बुडते.

परतताना वेळ सांभाळावी. कारखान्यांची पाळी सुटली की नाशिक रस्ता तुंबतो. त्याआधी गाडी कुरुळीत यावी. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी जमा आणि खर्च फळ्यावर लिहावा. पालकांनी तो स्वतः वाचावा, बेरीज करून पाहावी. पैसे उरले तर ताशाच्या नव्या काड्या घ्याव्यात.