हालचाल मेंदूत कोठे दिसते?

कपात चहा ओतताना पातळी वर चढताना दिसते, म्हणून आपण वेळीच थांबतो. १९८३ साली जर्मनीतील म्युनिकच्या संशोधकांनी एका बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना ही पातळी चढताना दिसतच नसे. चहाची धार त्यांना गोठून राहिल्यासारखी वाटे. रस्त्यावरची मोटार आधी दूर दिसे आणि पाहता पाहता एकदम अंगाशी. मधला प्रवास दिसतच नसे. त्यामुळे रस्ता ओलांडण्याचीही त्यांना धास्ती वाटे. आश्चर्य असे की, रंग, आकार, माणसांचे चेहरे त्या नीट ओळखीत. मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी झाल्याने मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती.

म्हणजे हालचाल पाहण्यासाठी मेंदूत वेगळी जागा असली पाहिजे. माकडांत ती १९७० नंतरच्या काही वर्षांतच सापडली होती. तेथील बहुतेक पेशी वस्तू एका ठराविक दिशेने सरकली तरच जोराने चेततात. लंडनच्या सेमिर झेकी यांनी तिला पुढे 'व्ही-५' म्हटले. अमेरिकेतील ऑलमन व कास यांनी 'एम. टी.' हे नाव दिले. पण माकडाच्या मेंदूत बारीक विद्युत्-अग्र घालून पाहता येते, तसे धडधाकट माणसाच्या मेंदूत कसे पाहणार? येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. (पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने या विषयात डोके का घातले, याचे उत्तरही हेच!)

रक्तातील हिमोग्लोबिनाजवळ ऑक्सिजन नसला की ते चुंबकाकडे किंचित ओढले जाते; ऑक्सिजन असला की नाही. हे पॉलिंग व कॉर्येल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे गरजेपेक्षाही जास्त ताजे रक्त धावते. त्यामुळे ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन कमी होते, आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातील गडबड कमी होते आणि एम. आर. आय. यंत्रात तेथील संदेश वाढतो. वाढ फार थोडी, बहुधा शेकडा एक-दोन. मग ती ओळखायची कशी? दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, तसे. माणसाला आधी स्थिर ठिपके दाखवायचे, मग तेच ठिपके हलते दाखवायचे आणि दुसऱ्या चित्रातून पहिले वजा करायचे. ठिपके दोन्हीकडे सारखेच असल्याने बाकी उरते ती हालचालीची. ती उरते कानाच्या मागे थोडी वर, मेंदूच्या बाहेरच्या अंगाला एका लहानशा तुकड्यात.

झाले काम, असे वाटेल. पण तसे नाही. १९९३ साली निरनिराळ्या माणसांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा डाव्या बाजूचा हा तुकडा २७ मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे सरकलेला आढळला. सर्वांची सरासरी काढली तर नकाशा नव्हे, डाग मिळेल. शिवाय या तुकड्यात एकच घर नाही, शेजारीही आहेत. शेजारी वेगळे कसे काढायचे, ती युक्ती छान आहे. हलते ठिपके फक्त उजव्या हाताकडे दाखवा. 'एम. टी.' समोरच्या विरुद्ध अर्ध्या भागाकडेच पाहते, म्हणून डाव्या मेंदूतील 'एम. टी.' चेतते, उजव्यातील जवळजवळ गप्प बसते. पण उजव्या मेंदूत तिला लागून असलेला एक भाग तरीही चेततो, कारण त्याच्या पेशींची नजर दोन्ही बाजूंना पोचते. तोच शेजारी!

दुसरा साक्षीदार आहे खुद्द मेंदूचा पोत. मज्जातंतूंवर मायेलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, तारेवरच्या आवरणासारखे. ते असले की संदेश झपाट्याने जातो. जर्मनीतील पॉल फ्लेक्झिग यांनी नवजात अर्भकांच्या मेंदूंचे छेद तपासून, कोणत्या भागात हे वेष्टन आधी येते, त्याचा नकाशा १९२० साली प्रसिद्ध केला. त्यातील १६ क्रमांकाचे क्षेत्र जन्मावेळीच वेष्टनयुक्त होते. ते काय काम करते, याची कोणालाच कल्पना नव्हती. सत्तरएक वर्षांनी हालचालीचा तुकडा सापडला, तो जवळजवळ त्याच जागी!

पुढे २००७ साली जर्मन संशोधकांनी दहा मृत व्यक्तींच्या मेंदूंचे पातळ काप रंगवून, पेशींची मांडणी कोठे बदलते ते संगणकाने मोजले आणि या क्षेत्राच्या सीमा आखल्या. पण मृताला हलते ठिपके दाखवता येत नाहीत, आणि जिवंताचे काप काढता येत नाहीत. ही अडचण मायेलिननेच काही अंशी सोडवली. त्याच्या सान्निध्यात पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकीय धक्क्यातून लवकर सावरतात, म्हणून दाट मायेलिनचा भाग एम. आर. आय. चित्रात वेगळा उठून दिसतो. एकाच माणसाचे काम आणि पोत अशी दोन्ही चित्रे घेऊन एकावर एक ठेवता येतात. ती बरीचशी जुळतात, कडेला मात्र जुळत नाहीत. माझ्या मते खरे संशोधन त्या कडेलाच आहे.

तुम्हाला यंत्राशिवायही या जागेची चुणूक पाहता येईल. पुलाच्या कठड्यामागे सुरक्षित उभे राहून, वाहत्या पाण्यातील एकाच जागेवर मिनिटभर नजर खिळवा. मग काठावरच्या दगडाकडे पाहा. दगड प्रवाहाच्या उलट दिशेने सरकू लागेल, पण जागचा हलणार नाही! १९९५ साली असा भास होत असताना माणसांची चित्रे घेतली, तेव्हा समोर काही हलत नसूनही हा तुकडा चेतलेलाच होता. भास किती सेकंद टिकतो ते मोजा. नंतर एक डोळा झाकून पाणी पाहा आणि दगड दुसऱ्या डोळ्याने पाहा. भास तरीही झाला, तर तो डोळ्यात घडतो की मेंदूत?