विजेचा भात-कुकर तापेनासा झाला तर

रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक क्षेत्रात विजेच्या भट्ट्यांतून पोलाद वितळविले जाते. तीच वीज घरातल्या कुकरमध्ये भात शिजविते. प्रमाण निराळे असले तरी तत्त्व एकच आहे. रोध असलेल्या तारेतून प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडले.

साध्या भात-कुकरच्या तळाशी तापपट्ट असतो. त्यात निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार बंदिस्त केलेली असते. मध्यभागी स्प्रिंगवर बसविलेला चुंबकी खटका असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. पाणी आटताच ते चढते, खटक्यातील एका भागाचे चुंबकत्व क्षीण होते आणि स्प्रिंग प्रवाह तोडते. खटका निकामी झालाच तर रक्षणासाठी एक उष्मा-फ्यूजही जोडलेला असतो.

कुकर तापेनासा झाला की प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. ते चालत असेल तर दोष कुकरमध्ये आहे. भांड्याखाली भाताचे शीत अडकले असल्यास भांडे नीट टेकत नाही, ते काढावे.

यानंतर प्लग काढूनच पुढील तपासणी करावी. खटका दाबून प्लगच्या दोन वाहक पिनांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ७०० वॅटच्या कुकरचा रोध सुमारे ७६ ओहम यावयास हवा. काटा हललाच नाही तर मंडल कोठेतरी तुटले आहे, असे समजावे. मग वायर, खटक्याचे स्पर्शबिंदू, उष्मा-फ्यूज आणि तापपट्ट या क्रमाने एकेक भाग स्वतंत्रपणे मोजावा. ज्याच्या दोन टोकांत जोड आढळत नाही, तोच दोषी होय.

फ्यूज उडालेला आढळल्यास त्याच्या जागी साधी तार कदापि जोडू नये. तसे केल्यास कुकर तापेल खरा; पण अतितापाला अडविणारे काहीच उरणार नाही. फ्यूज का उडाला हे आधी शोधावे, नंतर त्याच क्षमतेचा नवा बसवावा.

शेवटी वाहक पिना व धातूचे कवच यांमध्ये जोड नाही, आणि अर्थिंगची पिन मात्र कवचाशी जोडलेली आहे, याची खात्री करावी. ही खात्री पटल्यावाचून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.