शेळ्यांचा आहार व जंतविकार

पाऊस पडला कीं दुष्काळ सरला, असें आपण नवी मुंबईकर समजतों व वर्गणी थांबवितों. परंतु मराठवाड्यांत उस्मानाबादी शेळ्यांवर पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबावरील दुसरें संकट तेव्हांच सुरू होतें.

शेळी मूळची झुडपांचा पाला खाणारी. पण झुडपें ओरबाडलीं गेलीं असतां ती पहिल्या सरींच्या आंखूड गवतास तोंड लावते. लेंड्यांतील जंतांच्या अंड्यांतून ओलाव्यानें आठवड्याभरांत अळ्या निपजून त्याच गवतावर चढतात. जठरांत राहणारा हिमॉन्कस जातीचा एक जंत रोज सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्त शोषतो. म्हणजे हजार जंत ५० मिलिलिटर! पांढुरकी पापणी व जबड्याखालील सूज हा त्याचा पुरावा होय. प्रथिनें मिळालेली शेळी ही हानि पुष्कळशी भरून काढते; उन्हाळाभर उपाशी राहिलेली दगावते.

सबब पेंड व शेवरी-सुबाभळीचा पाला पावसाळ्यांतही पुरविला पाहिजे. जंतनाशक पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वजनाप्रमाणें, फिकट पापणीच्या शेळ्यांस द्यावें. सरसकट व वारंवार दिल्यास जंत औषधास जुमानीनासे होतात. तरी उदार बंधुभगिनींनीं आपली वर्गणी जूनमध्यें बंद न करितां आश्विनापर्यंत चालू ठेवावी, ही नम्र विनंती.