पुंगळीचा हिशेब

ज्याच्या बालपणाचे घड्याळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या, म्हणजे १८६९ साली उभारलेल्या त्या जुन्या कारखान्याच्या, भोंग्यावर चालले, त्याने उतारवयात अमेरिकेतील ओहायो राज्यात, आपल्या घराच्या तळघरात बसून, स्वहस्ते काडतुसे भरीत असावे, हा योगायोग मला स्वतःलाही कधीकधी गंमतीचा वाटतो. भारतात परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. तेव्हा जेथे कायद्याने ही मुभा दिलेली आहे, तेथील बांधवांसाठीच पुढील मजकूर आहे, हे आधीच नमूद करून ठेवतो.

ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी येथे १९०७ सालापासून रायफलच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या आहेत. तेथील नेमबाज पाहून मला ६०० यार्डांवरील नेमबाजीचे वेड लागले. त्या अंतरावरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १२ इंच व्यासाचे आणि त्यातले सर्वांत आतले ६ इंचांचे असते. दुकानातील तयार काडतुसे माझ्या .३०८ विंचेस्टर रायफलला मानवेनात, म्हणून वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी आवरणे, पुन्हा भरण्यासाठी मी प्रेस, पुंगळी दाबून मापात आणणारी डाय आणि दांडीचा तराजू आणून कामास लागलो.

तराजूशी माझे जुळावे यात नवल नव्हते. आजोबांचा व्यवसाय सराफीचा. गुंज, मासा आणि तोळा यांच्या गप्पांत मी वाढलेला. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा, आणि माझी गोळी १७५ ग्रेनांची, म्हणजे तोळ्याला पाच ग्रेन कमी! ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत दारू तोलताना मला आजोबांच्या पेढीवर बसल्याचे समाधान लाभे, आणि त्या समाधानानेच माझा घात केला. कारण जे मोजण्याचे साधन हाताशी होते तेवढेच मोजण्यासारखे आहे, अशी माझी समजूत होऊन बसली. वास्तविक तळघरातील, घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला की वाऱ्याने तराजूची दांडी हलत असे, हेसुद्धा मला पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस उमगले.

एका सकाळी, पाचव्यांदा भरलेल्या पुंगळीवर चाप ओढला असता, आवाज नेहमीपेक्षा पोकळ आला, बोल्टच्या सांध्यातून करडा धूर उसळला आणि गालाला चटका बसला. बोल्ट उघडला तो केवळ पुंगळीचे बूड आणि त्याला लागून बोटाच्या पेराएवढे पितळ बाहेर आले; उरलेली पुंगळी चेंबरमध्येच अडकून बसली होती. चष्म्याच्या काचेवर पितळेचे बारीक कण रुतलेले होते. तो संरक्षक चष्मा मी त्या दिवशी निव्वळ सवयीने लावला होता.

घरी येऊन उरलेल्या पुंगळ्या दिव्याखाली धरल्या, तेव्हा बुडाच्या किंचित वर कित्येकींवर एक झळाळते कडे दिसले. डायसोबत आलेल्या कागदावर डाय पुंगळी धरणाऱ्या बैठकीला टेकेपर्यंत आवळून वर आणखी पाव फेरा द्यावा असे लिहिले होते, आणि मी ते फर्मान समजून पाळले होते. परंतु माझ्या रायफलचे चेंबर किंचित लांब. त्यामुळे दर खेपेस पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, वाजवीपेक्षा खाली दाबला जाई; मग बार उडताच पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटे, बूड मागे बोल्टवर जाऊन आदळे, आणि त्या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी बुडाजवळची भिंत ताणली जाऊन पातळ होई.

यात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, ही चोरी माझ्या डोळ्यांसमोर चालली होती. पुंगळ्या दर खेपेस २.०१५ इंचांच्या कमाल मर्यादेपलीकडे लांबत आणि मी त्या कातरून २.००५ वर आणीत असे, तेही मोठ्या टापटिपीने. एका खात्यात जमा वाढत असेल तर दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात खर्च पडलाच पाहिजे, हे सराफाच्या नातवाने ओळखायला हवे होते; पण मानेकडे जमा होणारे हे पितळ येते कोठून, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

आता मी बार काढलेल्या पुंगळीचा खांदा आधी मापकाने मोजतो आणि डाय अशी बसवतो की तो एक ते दोन हजारांश इंच, म्हणजे आपल्याकडचे कारखान्यातले कामगार ज्याला 'थाऊ' म्हणतात तसे एक-दोनच, मागे सरकावा. कागद नत्थी करण्याच्या क्लिपची तार सरळ करून, तिचे टोक काटकोनात वाकवून, प्रत्येक पुंगळीच्या आतून बुडापासून वर फिरवतो. टोक भिंत पातळ झाल्याने आतून पडलेल्या खाचेत अडकले की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. यापेक्षा स्वस्त उपकरण या छंदात दुसरे नाही.

नेमाच्या अचूकतेचे मूळही पुंगळीतच निघाले. मी निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि मैदानावर वेचलेल्या पुंगळ्या सरमिसळ वापरीत होतो. लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड, म्हणून आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूने दाब अधिक. तेथे दारू कमी करून नव्याने आरंभ करावा लागतो. वेगमापकावर दहा बारांत कमाल आणि किमान वेगांत सेकंदाला ६० फुटांचे अंतर निघाले. माझ्या गोळीच्या बाबतीत दर १० फुटांच्या फरकाला ६०० यार्डांवर सुमारे एक इंच उंची बदलते, म्हणजे आतले वर्तुळ केवळ या एका कारणाने वरखाली भरून जाई. एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या पुंगळ्या वेगळ्या काढल्यावर हे अंतर निम्म्याहून खाली आले, आणि तराजूला मी बोटही लावले नव्हते. यापूर्वी तीन-तीन बारांचे सुरेख पुंजके पाहून मी स्वतःची पाठ थोपटली होती. आता दहांखालचा दाखला मी ग्राह्य धरीत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात: टेबलावर दारूचा एकच डबा असावा. प्रमाण स्मरणावर न सोडता छापील पुस्तकातून घ्यावे, आणि कमाल प्रमाणाच्या सुमारे दहा टक्के खालून चढत जावे. प्राइमर बदलला तरी पुन्हा तळापासून रुजुवात करावी. पन्नास पुंगळ्यांच्या प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी ठेवून तीवर किती वेळा भरली, केव्हा कातरली, खांदा किती सरकवला, हे नोंदवावे.

गेल्या महिन्यात इकडेच नोकरीला आलेला एक सातारकर तरुण पिशवीभर पुंगळ्या घेऊन तळघरात आला. "काका, फुकट मिळाल्या, भरून द्याल का?" मी त्याच्या हातात वाकवलेली तार दिली. तासाभराने त्याने चाळीसपैकी अकरा पुंगळ्या निराळ्या काढल्या, आणि बाकीच्यांकडेही तो बराच वेळ संशयाने पाहत बसला.